कोचचा रिलिव्हर

दोन वर्षांत त्यांनी मला बेसबॉल शिकवला, कोकमाचं सार करायला शिकवलं, अरबी आकडे वाचायला शिकवलं, पायमोजे उलटे करून का वाळत घालायचे तेही शिकवलं. एक प्लांट तेवढा शिकवला नाही. आणि मला कंपनीनं आखातात, रुवैसला पाठवलं होतं ते प्लांट शिकायला.

माझ्या नेमणुकीत 'रिलिव्हर' असा शब्द होता. म्हणजे हे गृहस्थ सुट्टीवर गेले किंवा आजारी पडले, तर त्यांच्या जागी उभा राहणारा माणूस. मी सांगलीहून केमिकलचा डिप्लोमा घेऊन, आईची रडारड मागे टाकून तिथं उतरलो, आणि बघतो तर हा माणूस आजारीही पडत नाही आणि सुट्टीवरही जात नाही. वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी सगळा प्लांट बंद ठेवत, तेवढ्या दिवसांत ते देवरुखला घरी जाऊन येत आणि प्लांट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हजर. बंद प्लांटला रिलिव्हर कशाला लागतोय? मी आपला नुसता पगार खात होतो आणि मनातून धुमसत होतो.

त्यांना सगळे 'कोच' म्हणत. ते कशाचेही कोच नव्हते. फिलिपिनो पोरांनी चिडवायला पाडलेलं नाव ते, कारण कॅम्पच्या मागच्या मैदानावर बेसबॉलची प्रॅक्टिस सुरू झाली की हे तारेच्या जाळीमागे उभे राहून न विचारता सल्ले द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात तसलं. पण चिडवायला पाडलेलं नाव त्यांनी मनावर घेतलं. कुणी 'अंकल' म्हटलं तर वळून बघायचे नाहीत, 'कोच' म्हटलं की लगेच "हां, बोल."

रुवैसला तेव्हा शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, करायचं काय हा मोठा प्रश्न असायचा. अबू धाबीला जाऊन यायचं तर अर्धा शुक्रवार बसमध्येच जायचा. आमच्या मेंटेनन्सला टेक्सासचा एक अमेरिकन सुपरवायझर होता, त्यानं रेती लोटून, रोलर फिरवून एक मैदान केलं आणि फिलिपिनो वेल्डर, कोरियन फिटर, दोन-चार त्याचेच देशवाले अशी मंडळी गोळा करून टीम उभी केली. बघता बघता अजून दोन टीम झाल्या. ऑक्टोबरात हवेतला दमटपणा जरा उतरला की हा टेक्सासवाला प्रॅक्टिस सुरू करायचा आणि तिला 'स्प्रिंग ट्रेनिंग' म्हणायचा. त्यांच्याकडे म्हणे सीझनच्या आधी वसंत ऋतूत असा सराव असतो. आमच्याकडे कसला वसंत आणि कसलं काय! पण कोचना तो शब्द फार आवडला होता. देवरुखच्या माणसाच्या तोंडून 'आज स्प्रिंग ट्रेनिंगला जायचंय' हे ऐकताना मला सुरुवातीला हसू यायचं, नंतर वैताग येऊ लागला.

कारण मलाही जावं लागायचं. आपला सीनियर, खोलीही एकच. नाही कसं म्हणणार?

कोच फक्त प्रॅक्टिस बघत. सामने बघायला जायचे नाहीत, हे मला आधी कळायचंच नाही. सगळं जग सामना बघतं, हा बाबा सराव बघतो! विचारलं की म्हणायचे, "सामन्यात खेळणारे दिसतात रे. मागं कोण उभं आहे ते इथं दिसतं." मग ते मला क्रिकेटच्या भाषेत समजावून सांगायचे. क्रिकेटात बोलर एक ओव्हर टाकतो आणि सीमेवर जाऊन कमरेवर हात ठेवून वारा खातो. बेसबॉलमध्ये तसं नाही. मधल्या उंचवट्यावर एकच माणूस, तो फेकतो, फेकतो, फेकतच राहतो. त्याला पिचर म्हणायचं. त्याचा हात दमला की दुसरा आणायचा, दुसरा दमला की तिसरा. आणि एकदा बाहेर काढलेला माणूस त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. हे शेवटचं सांगताना ते दर वेळी माझ्याकडे बघायचे, मला कळलं की नाही याची खात्री करून घेतल्यासारखे.

"बॉल बघू नकोस, सांगलीकर," ते म्हणायचे. सांगलीचा म्हणून मी कायम सांगलीकर. "बॉल कुणालाही दिसतो. कोपर बघ. कोपर खाली यायला लागलं की तो माणूस संपत आला."

टेक्सासवाल्याच्या टीमचा पिचर होता रोमी, फिलिपिनो वेल्डर. सुंदर फेकायचा, हे मलासुद्धा कळत होतं. त्याच्या मागे दुसरा एक कोरियन फिटर, त्याचा बॉल सरळ यायचा आणि मार खायचा. आणि तिसरा, खरं तर तिसरा कुणी नव्हताच. मेसमधला एक फिलिपिनो आचारी प्रॅक्टिसला यायचा, कडेला उभा राहून हळूहळू वळणारे बॉल टाकायचा. टेक्सासवाला त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही. कोचचा सगळा जीव त्या आचाऱ्यावर. जाळीमागून ओरडायचे, "मिस्टर, थर्ड मॅन को भी दो! रोमी को बचाओ!" टेक्सासवाला टोपीला हात लावायचा आणि रोमीलाच पुन्हा बॉल द्यायचा. पोरं खिदळायची. कोचना फरक पडायचा नाही. पुढच्या शुक्रवारी परत तेच.

टेक्सासवाल्याकडे त्याच्या गावची वर्तमानपत्रं महिन्या-दीड महिन्यांनी गठ्ठ्यानं यायची. त्यातली मार्च महिन्यातली खेळाची पानं कोच मागून आणायचे. फक्त मार्चची. त्याच्या गावच्या टीमचा सराव तेव्हा चालायचा. तो सीझन पुढे कोण जिंकलं याच्याशी यांना घेणंदेणं नाही. चष्मा कपाळावर चढवून, पान डोळ्यांशी धरून ते पिचरांच्या यादीतली शेवटची दोन नावं शोधायचे. मार्चात उत्तम फेकणारी आणि एप्रिल लागताच घरी पाठवलेली कोवळी पोरं. त्यांच्याविषयी ते असं बोलायचे की जणू आळीतली पोरं. "तो डावखुरा होता ना, त्याला ठेवलंच नाही मेल्यांनी."

हा सगळा हिशोब त्यांनी संसाराला लावला होता. मेसच्या स्वयंपाक्याला विचारायचे, तू पडलास तर भात कोण लावणार? बस ड्रायव्हरला विचारायचे, तुझ्यानंतर कोण? कॉलनीतल्या एका फॅमिलीकडे आम्ही मराठी लोक गणपतीला जमायचो. तिथं आरती म्हणणाऱ्या वहिनींना यांनी विचारलं, तुमचा घसा बसला तर दुसरं कोण, आणि तिचाही बसला तर तिसरं कोण. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आहात की, कोच." त्यावर हे गंभीरपणे म्हणाले, मी चौथा. खोलीत त्यांच्याकडे दोन गजराची घड्याळं, दोन इस्त्र्या आणि चपलांचे तीन जोड. आंघोळीला जातानाही दोन साबण. आम्ही हसायचो खरे, पण कॅम्पमधे रात्री-अपरात्री कुणाला काही लागलं तर ते याच माणसाकडे निघायचं, हेही खरं.

आता लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते कसं, ऐका.

आमचा प्लांट समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करायचा. ते पाणी बॉयलरला जायचं, आणि बॉयलरवर पुढचं सगळं चालायचं. प्लांट जुनाट. ड्रॉइंगमध्ये एक आणि प्रत्यक्षात भलतंच, कारण गेली कित्येक वर्षं कोचनीच त्यात पाइप फिरवले, व्हॉल्व्ह बदलले, जोडण्या केल्या. चालता प्लांट मधेच बंद पडला की तो परत कसा उठवायचा, कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला नंतर, औषध किती सोडायचं, हे फक्त त्यांना ठाऊक. चूक झाली की आत क्षाराचा थर बसायचा आणि मग तासून काढत बसा. प्लांट बंद पडला रे पडला की कोच मला म्हणायचे, "सांगलीकर, जरा ऑफिसातून परमिट आण." नाहीतर चहा आण. नाहीतर तो टॉर्च कुठं ठेवलाय बघ. मी परत येईपर्यंत प्लांट चालू आणि कोच खुर्चीत. थांबलोच हट्टानं, तर व्हॉल्व्हला पाठ लावून असे उभे राहायचे की मला फक्त शर्टावरचा घाम दिसायचा. ताकास तूर लागू देतील तर शपथ.

बरं, व्हॉल्व्हवर नंबरांचे पितळी बिल्ले असतात, ते बघून तरी माणूस शिकेल. इथं एकाही व्हॉल्व्हवर बिल्ला नाही. विचारलं तर म्हणाले, समुद्राची हवा, गंजून पडले. पितळ गंजून पडत नाही, एवढं मी डिप्लोमात शिकलो होतो. पण वर्षभर बोललो नाही. पाणी कुठं मुरतंय ते दिसत होतं आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

तोंड उघडलं ते एका सामन्यानंतर. दुसऱ्या वर्षी टेक्सासवाल्याची टीम अखेरच्या सामन्यापर्यंत पोचली आणि मी कोचना अक्षरशः ओढत नेलं. म्हटलं, एवढं बघता ना, मग याचंही फळ बघा. ते कडेला येऊन बसले. अर्धा सामना होईपर्यंत रोमीचं कोपर खाली यायला लागलं, ते मलाही दिसलं. मग टेक्सासवाला कडेचा बाक सोडून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश चालत मैदानाच्या मधोमध गेला आणि रोमीसमोर तळहात पसरून उभा राहिला. तशी पद्धत आहे त्या खेळात. पिचरनं काही बोलायचं नाही, बॉल त्या हातावर ठेवायचा आणि चालू लागायचं. रोमीनं ठेवला. मी कोचकडे बघितलं, तर ते मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

कोरियन आला, मार खाल्ला, टीम हरली. आचारी शेवटपर्यंत कडेला बसून होता.

परतीच्या अर्ध्या वाटेपर्यंत कोच माझ्या पुढे चालत होते. मग म्हणाले, "हात कशाला पसरायचा रे सगळ्यांसमोर?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस सामने का बघत नाही. सरावात कुणी कुणाच्या हातातला बॉल काढून घेत नाही.

पण मी तेव्हा रागात होतो. दोन वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. मी म्हटलं, "कोच, दोन वर्षं त्या गोऱ्याला ओरडून सांगताय, तिसरा तयार कर म्हणून. तुमच्या प्लांटवर दुसरा तरी आहे का?"

ते थांबले. मला वाटलं आता दोन कानाखाली देतील. पण शांतपणे म्हणाले, "रोमीच्या हातातला बॉल गेला तरी रोमी उद्या वेल्डर आहे. माझ्या हातातला प्लांट गेला की मी कोण आहे, सांग."

मग चालता चालता त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. ते स्वतः इथं आले ते असेच, रिलिव्हर म्हणून. वर एक केरळी फोरमन होता. त्यानं यांना हाताला धरून सगळा प्लांट शिकवला, काही म्हणता काही हातचं राखलं नाही. मुलीचं लग्न निघालं म्हणून तो सुट्टीवर गेला, निघताना यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आता मला काळजी नाही. पंधरवड्यात कंपनीनं त्याला कळवलं की परत येऊ नका. त्याची पेटी यांनीच बांधून कार्गोला पोचवली. आणि त्याच्या खुर्चीवर हेच बसले. "लग्नाचा आहेर म्हणून मी पैसे पाठवले होते," कोच म्हणाले, "त्यानं परत केले."

 राग गेला असं नाही, पण त्याला धार राहिली नाही.

त्यानंतर लवकरच देवरुखहून फोन आला. मोबाइल आमच्यापर्यंत पोचले नव्हते. ऑफिसच्या फोनवर निरोप यायचा आणि मग संध्याकाळी कार्ड घेऊन बूथवर रांग लावायची. मी सोबत गेलो. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, पोटात गाठ निघाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लगेच ऑपरेशन करा, वेळ घालवू नका. आणि वहिनींनी सांगितलं होतं, हे आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही. मूलबाळ नव्हतं. दीर-भावजय सोबत होते, पण बाई हट्टाला पेटली. सगळा जन्म हे परमुलखात, निदान तेव्हा तरी दाराशी उभे असावेत, एवढंच तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅनेजरसमोर उभे. मॅनेजर जॉर्डनचा, बोलायला तुटक पण मनानं वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, "यल्ला, जा. हा आहे ना रिलिव्हर, दोन वर्षं झाली." माझ्याकडे बोट करून त्यानं कोचना विचारलं, "ही कॅन रन इट?"

कोचनी माझ्याकडे बघितलं. मी तुम्हाला सांगतो, त्या वेळी त्यांनी 'यस' म्हणावं म्हणून मी देवाचा धावा करत होतो, आणि तो माझ्यासाठी नव्हता. ते खोटं झालं असतं तरी चाललं असतं. पडलो-झडलो असतो, पण मी निभावून नेलं असतं.

"नॉट रेडी, सर," कोच म्हणाले. "गिव्ह मी फिफ्टीन डेज. आय विल ट्रेन."

मॅनेजरनं खांदे उडवले. त्याला काय, त्याचा प्लांट चालल्याशी कारण.

त्या संध्याकाळी मी बूथच्या बाहेर उभा होतो, पण दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे ऐकू येत होतं. कोच बायकोला सांगत होते, सुट्टी नाही मिळत, माझ्या जागी उभं राहायला इथं कुणी नाही. पलीकडून ती काहीतरी बोलली. कोच म्हणाले, "हो ना. एकट्यानंच ओढतोय." बाहेर आल्यावर त्यांनी मला आपणहून सांगितलं ती काय म्हणाली ते. "म्हणाली, इतक्या वर्षांत एक माणूससुद्धा दिला नाही का हो त्यांनी हाताखाली? दमत असाल." एवढं सांगून ते पुढे चालायला लागले. मी, हाताखालचा माणूस, मागून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लॉकरमधून रंगाचा एक जुना डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. सगळे पितळी बिल्ले. एकही गंजलेला नव्हता.  आम्ही एकेक बिल्ला उचलून एकेका व्हॉल्व्हवर बसवत गेलो आणि ते शिकवत गेले. काय शिकवायचे! असा मास्तर मला शाळेत मिळाला असता तर मी रुवैसला कशाला आलो असतो? माझा हात व्हॉल्व्हवर ठेवून वर आपला हात ठेवायचे आणि म्हणायचे, ऐक, पाणी काय म्हणतंय. मुद्दाम प्लांट बंद पाडून मला उठवायला लावायचे. चुकलो तर ओरडायचे नाहीत, परत पहिल्यापासून.

पंधरा दिवस झाले. मला प्लांट यायला लागला होता. मी म्हटलं, कोच, आता निघा. तर म्हणाले, अजून एक ॲसिडनं धुण्याचं राहिलंय, ते बघून घे. ते बघितलं. मग म्हणाले, दोन्ही पंप एकदम गेले तर काय, ते करून दाखव. ते केलं. मग उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापल्यावर वेगळं वागतं, ते राहिलंय. अहो, उन्हाळ्याला चार महिने होते! दर वेळी एक काहीतरी राहिलेलंच असायचं. मला ओरडावंसं वाटायचं. ते खोटं बोलत नव्हते, राहिलेलं खरंच होतं. पण सगळं देऊन टाकलं की हात मोकळे होतात, आणि तेच त्यांना होत नव्हतं. इकडे गाठ काही कुणासाठी थांबत नाही. दर संध्याकाळी बूथवर जायचे आणि सांगायचे, येतो, एक आठवडा. तिकडून ती म्हणायची, सावकाश या, दगदग करू नका.

वहिनींना तपासण्यांसाठी मिरजेच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. मिरज आमच्या सांगलीला लागूनच. मी माझ्या थोरल्या भावाला सांगितलं होतं, जमेल तसा डबा देऊन येत जा. एका शुक्रवारी मी त्याला फोन केला, तर त्याचा आवाजच पडलेला. म्हणाला, "अरे, माझ्याकडून काहीतरी बोलून गेलं." झालं होतं असं की डबा देताना वहिनींना धीर द्यावा म्हणून हा सहज म्हणाला, काळजी करू नका, माझा धाकटा भाऊ दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली आहे, तो सांभाळेल सगळं. वहिनींनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे आहे माणूस." भाऊ गांगरला. काय सारवासारव करावी सुचेना. तर त्याच म्हणाल्या, "भावजी, मला हे कळलं असं त्यांना कधी सांगू नका. जिवाला लावून घेतील."

फोन ठेवल्यावर मी तसाच कॅम्पवर चालत आलो. कोच खाटेवर बसून माझ्यासाठी उन्हाळ्याच्या पाण्याचा पाठ मनात जुळवत होते. मी त्यांना काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांना न विचारता, मॅनेजरच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, मी रेडी आहे, मी चालवतो, त्यांना आज सोडा. मॅनेजर म्हणाला, खलास, मग बसलाय कशाला इतके दिवस? दुपारपर्यंत कोचचं तिकीट हातात.

ते माझ्यावर असे भडकले म्हणता! मला म्हणाले, "शेवटी तूच हात पसरलास ना?" बॅग भरताना बोलले नाहीत, बसपर्यंत बोलले नाहीत. बस निघताना खिडकीतून फक्त म्हणाले, "दोन नंबरच्या पंपाचा आवाज बदलला तर वाट बघू नकोस, लगेच बंद कर." मी हो म्हटलं.

ऑपरेशन झालं. म्हणजे काय, उघडलं आणि परत शिवलं. ऑपरेशनपुरते बाहेरून आलेले डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. त्यांना काय माहीत, बाई आधीपासून तिथंच होती. कोच दाराशी उभे होते, तेवढी एक तिची इच्छा पुरी झाली. त्यानंतर थोडेच दिवस ती होती. भाऊ सांगत होता, शेवटी शेवटी ती यांनाच म्हणायची, तुम्ही जेवलात का, प्रवासाचा शीण गेला का.

दिवसकार्य उरकून कोच परत आले. मला वाटलं होतं, आता मॅनेजर यांना नारळ देणार. प्लांट महिनाभर माझ्या हाताखाली सुरळीत चालला होता, माझा पगार यांच्या निम्मासुद्धा नव्हता. कोचही तीच तयारी करून आले होते. मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले, जरा वाकलेले. तर त्या माणसानं उठून त्यांना छातीशी धरलं, अरबीत काहीतरी सांत्वनाचं बोलला, आणि म्हणाला, उद्यापासून तुम्ही दिवसाची शिफ्ट घ्या, रात्रीची हा बघेल. दोन माणसांची जागा तर पहिल्यापासूनच मंजूर होती. कोणी कोणाला काढलं नाही. ज्या भीतीपायी एवढं सगळं झालं, ती नुसती भीतीच निघाली. त्या केरळी फोरमनला काढलं होतं तो मॅनेजर वेगळा, तो काळ वेगळा. पण हे कोचना कोण आणि कधी सांगणार होतं? मला तर रडूच आलं तिथं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी ऑक्टोबर आला, मैदानावर प्रॅक्टिस सुरू झाली, टेक्सासवाल्यानं त्या आचाऱ्याला बॉल दिला म्हणे. कोच गेले नाहीत. मी आठवण केली तर म्हणाले, तू जाऊन ये. मी कशाला जातोय, मला तो खेळ तेव्हाही आवडत नव्हता.

एका दुपारी शिफ्ट बदलताना आम्ही कंट्रोल रूममध्ये चहा पीत होतो. प्लांट चालू होता, बाहेर उन्हानं डोळे दुखत होते. कोच कपात बघत होते. मग म्हणाले, "एक तेवढं बरं झालं, सांगलीकर. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, माझ्याकडे माणूसच नाही. मी जाणूनबुजून थांबलो, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तेवढ्या समाधानानं गेली."

 त्यांनी मान वर केली.

"तुझा भाऊ डबा घेऊन जायचा ना? त्यानं काही सांगितलं नसेल तिला? तुझ्याबद्दल?"

"नाही," मी म्हटलं. "डबा द्यायचा आणि यायचा. तो फार बोलत नाही कुणाशी."

"नक्की?"

"नक्की."

कोचनी मान हलवली, उरलेला चहा संपवला, आणि माझाही कप उचलून धुवायला घेऊन गेले.